लपणाचा वारा : व्हाइटटेल हंगामासाठी वास-नियंत्रणाच्या प्रकल्प नोंदी

लपण म्हणजे शिकारीने दडून बसायची लहान खोली. आतल्या माणसाचा वास हरणांपर्यंत पोचू नये, एवढ्यासाठी हे सगळं.

जनावर : उत्तर अमेरिकेतलं व्हाइटटेल हरण, परवान्याचा हंगाम. (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात हरणांची शिकार बंद आहे. तिथे लपणात बसून फोटो काढणाऱ्यांनी बंदूक वगळावी, बाकी वाऱ्याचं गणित तेच.)

जागा : उतार वायव्येकडून आग्नेयेकडे. वरच्या तिसऱ्या हिश्शात झाडी, तिथे हरणं दिवसा बसतात. मधे ओक, खाली क्लोव्हरचा (हरणं चरतात त्या चाऱ्याचा) तुकडा, त्याच्याही खाली ओढा. हंगामात वारा बहुतेक वायव्येचा. लपण क्र. १ लाकडी, क्लोव्हरच्या आग्नेय कोपऱ्यात. लपण क्र. २ कापडी, माथ्याजवळ.

१४ जून

बांधकामाआधी वाऱ्याची पाहणी. टाल्कम पावडरची बाटली दाबून वारा पाहण्याची पद्धत सोपी, पण पावडर तीन-चार मीटरवर दिसेनाशी होते. पुढे वारा कुठे वळतो हे कळतच नाही, आणि नेमकं तेच कळायला हवं. त्यापेक्षा मिल्कवीडच्या बोंडातली म्हातारी चांगली. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, मऊ पांढऱ्या तंतूंची तशीच म्हातारी उडते. गेल्या शरदातली बोंडं कागदी पिशवीत ठेवलेली होती. बी खुडून टाकायचं, नाहीतर म्हातारी जड होऊन लगेच खाली बसते.

कोपऱ्यावरून दर अर्ध्या तासाला एक म्हातारी सोडली आणि दुर्बिणीने शंभर मीटरपर्यंत पाहिली. वायव्येचा वारा १० किमी/तासाच्या वर असताना ती सरळ ओढ्याकडे जाते. संध्याकाळी उतारावर सावली पडली की वारा नसतानाही ओढ्याकडेच जाते, कारण थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते. उतार आग्नेयमुखी असल्याने सावली सूर्यास्ताच्या बरीच आधी येते, हा फायदा. सकाळी मात्र उलट : पहिलं ऊन याच अंगावर पडतं, हवा तापून उताराने वर चढते आणि म्हातारी थेट हरणांच्या बैठकीत शिरते.

निर्णय : क्र. १ फक्त संध्याकाळसाठी.

२२ जून

सांगाडा उभा. आतलं माप १.८ × १.८ × २ मीटर, म्हणजे साधारण ६.५ घनमीटर हवा. भिंती १२ मिमी प्लायवुडच्या. खिडक्या वायव्य, ईशान्य आणि नैर्ऋत्य भिंतींत, प्रत्येकी ६० × ३० सेंमी. दार आग्नेयेला.

वासाच्या दृष्टीने सामानाची निवड :

सांधे भरायला सिलिकॉन घेताना 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलंच घ्यावं. स्वस्त सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, कारण त्यातून ॲसिटिक ॲसिडच बाहेर पडतं. रंग पाण्यात मिसळणारा, फक्त बाहेरून दोन हात आणि आतून एक. जूनमध्ये रंगवलं की ऑक्टोबरपर्यंत रंगाच्या वासाला उडून जायला तीन महिने मिळतात. सप्टेंबरच्या शेवटी रंगवलेलं लपण त्या हंगामापुरतं गेलंच समजावं.

खाली गालिचा घालायचा नाही. पायांचा आवाज दबतो म्हणून बरेचजण घालतात, पण धाग्यांत घाम, चिखल, सांडलेली कॉफी मुरते, ओल धरली की बुरशी येते आणि लपण रिकामं असतानाही माणसाचा वास सोडत राहतं. त्याऐवजी बंद पेशींची, पाणी न शोषणारी फोमची चटई. नवी असताना तिलाही उग्र वास असतो, म्हणून साबणाच्या पाण्याने धुऊन आजच उन्हात टाकली. ती आत जाईल ऑगस्टअखेर. जुन्या टायरच्या रबराची चटई नाकारली, त्या रबराचा वास उन्हात वर्षभर जात नाही.

५ जुलै

गळती शोधली. बिनवासाच्या धुराची पेन्सिल घेऊन सगळे सांधे तपासले. उदबत्तीनेही काम होतं, पण फक्त जुलैपर्यंत. तो सुगंध लाकडात बसला तर पुन्हा वेगळं निस्तरावं लागेल.

दिसलेलं चित्र असं. वायव्येचा वारा समोरच्या भिंतीवर आदळतो, तिथे दाब वाढतो. तोच वारा कडांवरून सुटताना बाजूच्या भिंतींवर ओढ तयार करतो. म्हणून ईशान्य आणि नैर्ऋत्येच्या खिडक्यांच्या फटींतून धूर बाहेर ओढला जातो, वारा समोरून असला तरीही. दाराच्या फटीतूनही जातो, पण ती ओढ्याची बाजू, चालेल. बाजूच्या खिडक्या चालणार नाहीत, तिथून निघालेला वास क्लोव्हरच्या दोन्ही कडांवर पसरतो.

दुसरी गोष्ट समोरच्या खिडकीची. ती पूर्ण उघडी ठेवली तर झोताबरोबर हवा आत येते आणि झोत थांबताच आत दाबलेली हवा त्याच खिडकीच्या वरच्या कडेने बाहेर येते. धूर आत-बाहेर, आत-बाहेर करतो, लपण श्वास घेतंय असंच वाटतं. आतली हवा अंगाच्या उबेने गरम असल्याने वरची कड जास्त सोडते. फट ठेवायची तर खिडकीच्या खालच्या भागात.

काम : तिन्ही खिडक्यांना ईपीडीएम (कृत्रिम रबर) फोमची पट्टी, १० मिमी जाड, चौकटीवर अखंड. कोपऱ्यात पट्टी कापून जोडायची नाही, वळवून न्यायची. गळती कोपऱ्यातच असते.

१९ जुलै

धुराने जागा कळते, प्रमाण कळत नाही. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचा मीटर आणला, इन्फ्रारेड प्रकारचा. स्वस्त मीटर बाकी वायूंवरून अंदाज बांधून आकडा दाखवतात, ते इथे उपयोगाचे नाहीत.

गणित सोपं आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला साधारण २० लीटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे ४० लीटर, ६,५०० लीटरच्या खोलीत. गळती शून्य धरली तर तासाला सुमारे ६,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६,००० भाग) वाढ, म्हणजे दहा मिनिटांत हजाराने. बाहेरची हवा ४२० च्या आसपास. पूर्ण बंद लपणाची स्वप्नं इथेच संपतात. चार तासांत डोकं जड होऊन माणूसच बाहेर येईल.

गळती मोजायची तर मीटर चढू द्यायचा, मग दोघांनी बाहेर पडून दार बंद करायचं आणि बाहेरच्यापेक्षा जो जास्तीचा आकडा असेल तो निम्मा व्हायला किती वेळ लागतो ते पाहायचं. ०.६९ ला त्या वेळेने (तासांत) भागलं की दर तासाला किती वेळा हवा बदलते ते मिळतं. पट्ट्या बसवण्याआधी निम्मं व्हायला २५ मिनिटं, म्हणजे, खोलीतल्या हवेने गुणून, तासाला सुमारे १०.७ घनमीटर गळती. पट्ट्यांनंतर ७० मिनिटं, म्हणजे ३.८ घनमीटर. उरलेली गळती बहुतेक दाराखालची.

श्वास हा वासाचा मोठा वाहक. त्यातही आदल्या दिवशीचा लसूण : त्यातलं ॲलिल मिथाइल सल्फाइड रक्तात उतरतं आणि फुप्फुसातून तासन्‌तास निघत राहतं. दात घासून ते जात नाही. बसण्याच्या आदल्या दिवसापासून लसूण, कांदा बंद.

२ ऑगस्ट

धुराड्याची कल्पना करून पाहिली. १०० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप, छतातून दोन मीटर वर. विचार असा की दोन माणसांची ऊब साधारण २०० वॅट, गरम हवा आपोआप वर जाईल आणि वास हरणांच्या डोक्यावरून निघून जाईल.

चालत नाही. वारा ८-१० असताना धूर वर जातो, झाडांच्या रांगेमागच्या भोवऱ्यात सापडतो आणि वीस-तीस मीटरवर खाली येतो, कधी ओढ्याकडे, कधी क्लोव्हरच्या मधोमध. वारा नसताना तो वर जाऊन थंडावतो, पसरतो आणि छत्रीसारखा खाली बसतो. ज्या वासाला एकच अरुंद वाट देता आली असती, त्याची धुराड्याने चादर केली. पाइप काढला, भोक बुजवलं.

१६ ऑगस्ट

पाइप आता आग्नेय भिंतीत, जमिनीपासून ३० सेंमीवर, बाहेर दीड मीटर, तोंड ओढ्याकडे आणि किंचित खाली. आतल्या टोकाला संगणकाचा १२० मिमी पंखा, हवा बाहेर ढकलणारा. १२० वरून १०० चा जोड प्लायवुडचा.

यातला मुद्दा पंख्याच्या वाऱ्याचा नाही, दाबाचा आहे. पंखा हवा बाहेर काढत राहिला की लपणात बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहतो आणि बाकीच्या सगळ्या फटी आत घेणाऱ्या होतात. संसर्गजन्य रुग्णांच्या खोलीत इस्पितळं हेच करतात.

किती हवा लागेल? समोरच्या खिडकीत ३० × १० सेंमीची फट धरली. तिच्यातून ०.२ मीटर/सेकंद वेगाने हवा आत येत राहिली तर तासाला २१.६ घनमीटर. पूर्ण खिडकी उघडली तर तेवढ्याच वेगाला १३० लागतील, ते या पंख्याच्या आवाक्याबाहेर. म्हणून खिडकीला सरकती फळी, बंदुकीला फट पुरते. धनुष्यवाल्यांना मोठं तोंड लागतं. त्यांनी फळी शेवटच्या क्षणी खाली घ्यावी आणि तेवढा वेळ पंखा काही करत नाही हे धरून चालावं.

पंखा १२ व्होल्टवर घोंगावतो. ७ व्होल्टवर ऐकू येत नाही, आणि मीटरच्या हिशेबाने हवाही पुरते : दोघे तासभर बसल्यावर आकडा २,३०० च्या जवळ थांबला, २१.६ घनमीटरला गणिताने २,२७० येतो. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी अनेक बैठकांना पुरते. पंखा भिंतीला थेट स्क्रूने आवळला तर प्लायवुड ढोलासारखं वाजतं. सिलिकॉनच्या खुंट्यांवर लटकवला.

खिडकीच्या फटीसमोर धाग्याला म्हातारी बांधून ठेवली. पंखा सुरू करताच तिचे तंतू आत झुकले आणि झुकलेलेच राहिले. दारावर खांदा टेकला की दार अर्धा मिलिमीटर उघडतं, तंतू सैल पडतात. दाराला दुसरी कडी.

मर्यादा लिहून ठेवायलाच हवी : १० किमी/तासाचा वारा भिंतीवर साडेचार-पाच पास्कल दाब देतो. ७ व्होल्टवरचा पंखा फार तर तेवढाच. म्हणजे वारा वायव्येचा असेल तर तो पंख्याला मदत करतो. वारा आग्नेयेचा झाला तर पाइपात उलटा शिरतो आणि सगळी योजना पालथी पडते. त्या दिवशी या लपणात बसायचं नाही.

२३ ऑगस्ट

पाइपाच्या आधी सक्रिय कोळशाचा (वास धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाचा) थर. ३० × ३० सेंमीचा ट्रे, खाली-वर बारीक स्टीलची जाळी, मधे ४ मिमी दाण्यांचा कोळसा अडीच सेंमी. सव्वादोन लीटर, सुमारे १.१ किलो. हवा थरात साधारण ०.४ सेकंद राहते, ते बऱ्यापैकी. थर रुंद आणि उथळ ठेवला की पंख्यावर ताण येत नाही. तोच कोळसा पाइपात लांब भरला असता तर पंखा गुदमरला असता.

पहिल्यांदा ट्रे उभा बसवला, चुकलं. दाणे हादऱ्यांनी खाली बसले, वर बोटभर मोकळी जागा झाली आणि हवा नेमकी तिथूनच पळाली. धुराने लगेच दिसलं. ट्रे आडवा केला, हवा वरून खाली. कोळसा आधी धुऊन काळी भुकटी काढली आणि पूर्ण वाळवला.

कोळसा सगळं धरत नाही. घामातली मोठी आम्लं चांगली धरतो, अमोनिया आणि ॲसिटोनसारखे लहान रेणू कमी. ओला झाला की आणखी कमी.

३० ऑगस्ट

कापडी लपण उघडून कुंपणाशी टांगलं. नव्या कापडावरच्या पाणीरोधक लेपाचा वास जायला ऊन-वाऱ्यात किमान तीन आठवडे. अंगणात नाही, तिथे स्वयंपाकाचा आणि गाडीचा धूर. चटईही आज लपणात गेली.

१३ सप्टेंबर

कपडे. मुळात घामाला फारसा वास नसतो. काखेतल्या ग्रंथींचा स्राव त्वचेवरचे जिवाणू फोडतात तेव्हा तो येतो. पायाच्या वासात आयसोव्हॅलेरिक आम्ल मुख्य. ही आम्लं असल्यामुळे साधा खाण्याचा सोडा खरोखर काम करतो, आम्लाचं क्षारात रूपांतर झालं की ते हवेत उडत नाही. सोडा वास 'शोषतो' म्हणून नाही.

धुण्याचा क्रम : समोरून उघडणाऱ्या मशीनच्या दारातल्या रबरी कड्यात रोजच्या कंडिशनरचा सुगंध साठलेला असतो. आधी धुण्याचा सोडा घालून मशीन रिकामं, गरम पाण्यावर चालवायचं. कडं हाताने पुसायचं, घडीच्या आतूनसुद्धा. मग बिनवासाचा साबण आणि अर्धा कप खाण्याचा सोडा घालून शिकारीचे कपडे. वाळवायचे बाहेर. ड्रायरच्या पोटातही सुगंधी कापडांचा लेप असतो.

साबणात ऑप्टिकल ब्राइटनर (कपडे शुभ्र दिसावेत म्हणून घालतात ते रसायन) नको, हा मुद्दा नाकाचा नाही, डोळ्यांचा. हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारचे रंगशंकू (रंग ओळखणाऱ्या पेशी), एक ४५०-४६० नॅनोमीटरच्या निळ्याला, दुसरा ५३७ च्या हिरव्याला संवेदनशील. ब्राइटनर नेमका निळा उजेड फेकतो. शिकाऱ्यांनी एकमेकांना दिसावं म्हणून घालायचं नारिंगी जाकीट त्यांना भडक दिसत नाही, पण ब्राइटनर लागलेलं संधिप्रकाशात चमकू शकतं.

आतला कपडा लोकरीचा. पॉलिस्टर लवकर वाळतं खरं, पण त्यावर वास करणारे जिवाणू जास्त माजतात. लोकर वास बराच काळ आतच धरून ठेवते, हवेत सोडत नाही.

कोळसा-अस्तराच्या महाग कपड्यांबद्दल : २००६ मध्ये जॉन शिविक यांनी वाइल्डलाइफ सोसायटी बुलेटिनमध्ये शोधकुत्र्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. असे कपडे घातलेल्या माणसांना कुत्र्यांनी जवळपास साध्या कपड्यांतल्या माणसांसारखंच शोधलं. वर हे अस्तर ड्रायरमध्ये 'पुन्हा ताजं' होतं म्हणतात. कारखान्यात कोळसा ताजा करायला शेकडो अंशांची वाफ लागते, घरचा ड्रायर ६०-७० अंशांचा. थोडं निघत असेल, सगळं नाही. तोच कोळसा ट्रेमध्ये एक किलो भरणं जास्त शहाणपणाचं.

फवारा : ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४७५ मिली, तेवढंच डिस्टिल्ड पाणी, पाव कप खाण्याचा सोडा, ३० मिली बिनवासाचा द्रव साबण. ही कृती स्कंकचा (दुर्गंधी फवारणाऱ्या अमेरिकी प्राण्याचा) वास घालवण्याच्या कृतीची चुलत बहीण आहे. मूळ कृती रसायनतज्ज्ञ पॉल क्रेबॉम यांची, १९९३ ची, आणि ती बाटलीत भरून ठेवायची नसते. सोड्याने पेरॉक्साइड फुटत जातो, ऑक्सिजन सुटतो, घट्ट झाकणाची बाटली फुगते, कधी फुटते. आणि आठवड्याने उरतं ते साबणाचं पाणी. बसायच्या दिवशी बनवायचं, झाकण सैल, उरलेलं ओतून द्यायचं. बूट, पिशवी, खुर्चीवर मारावं. गडद कापडावर आधी आतल्या शिवणीवर मारून पाहावं, रंग उडतो.

२१ सप्टेंबर

हवेतला वास मोडण्यासाठी विकतात ते ओझोनचं यंत्र तपासलं आणि यादीतून काढलं. कारणं अशी. ओझोनला प्रतिक्रियेला वेळ आणि प्रमाण दोन्ही लागतं. पंखा चालू असताना लपणातली हवा सरासरी अठरा मिनिटं टिकते. तेवढ्यात परिणाम व्हायचा तर प्रमाण इतकं वाढवावं लागेल की बसलेल्या माणसाचा घसा धरेल. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ०.१ पीपीएम आहे. दुसरं, तो वास पुसत नाही, बदलतो. त्वचेवरच्या तेलातलं स्क्वालीन ओझोनने तुटून नवे ॲल्डिहाइड आणि कीटोन बनतात, म्हणजे हरणाला माणूस नाही तर खवटलेला माणूस. तिसरं, रबर आणि इलॅस्टिक तडकतं. यंत्राशेजारी महिनाभर ठेवलेलं रबरबँड ताणताच तुटलं.

मातीचा, पाइनचा, कोल्ह्याच्या मुताचा 'झाकणारा' वासही नको. एक वास दुसऱ्याला झाकतो हा आपल्या नाकाचा अनुभव, हरणाला दोन्ही वेगवेगळे येतात. हरणाच्या मुताचे फवारे तर अनेक राज्यांत बंद आहेत. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या जीवघेण्या रोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) मुतातून आणि लाळेतून पसरतात आणि मातीत टिकतात. नियमपुस्तिका दर वर्षी नव्याने वाचावी.

४ ऑक्टोबर

येण्याची वाट आखली. ओढ्याच्या पात्रातून, आग्नेयेकडून, शेवटचे चाळीस मीटर कापलेल्या गवतातून. मांडीपर्यंतच्या फांद्या छाटल्या, जेणेकरून पँट कशाला घासणार नाही. हवेतला वास वाऱ्याबरोबर जातो, फांदीवर घासलेला रात्रभर राहतो. बूट रबराचे, पँट आत खोचलेली. ते गाडी चालवताना घालायचे नाहीत. पेट्रोल पंपावर तर मुळीच नाही.

चालताना घाम फुटला की मागचं सगळं धुणं वाया. जाकीट पाठीवर, नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघायचं, लपणाबाहेर दहा मिनिटं थांबून, पुसून, मग जाकीट.

१८ ऑक्टोबर

पहिली बैठक, दुपारी दोनपासून. आकाश निरभ्र, वारा वायव्य ५-६. पंखा चालू, फटीतली म्हातारी आत झुकलेली. सगळं कागदावर होतं तसं.

पावणेचारला वरच्या झाडीच्या काठावर एक मादी उभी राहिली. मान वर, नाक ओलं करून घेतलं, पुढचा उजवा पाय उचलून हवेतच धरला, मग जमिनीवर आपटला. परत आपटला. कान लपणाकडे नव्हते, नाक होतं. फुरफुरली आणि शेपटीचा पांढरा झेंडा दाखवत वर गेली. त्यानंतर क्लोव्हरवर काहीही आलं नाही.

लगेच पाइपाच्या तोंडापाशी म्हातारी सोडली. ती दहा मीटर ओढ्याकडे गेली, तापलेल्या गवतावर उचलली गेली, झाडांच्या शेंड्यांइतकी वर चढली आणि लपणावरून मागे फिरून उताराने वर. मंद वारा माथ्यावरून निघून जात होता, उन्हातला उतार खालची हवा वर ओढत होता. हरणं अशाच जागी बसतात : पाठीमागून माथ्यावरचा वारा, समोरून उताराची चढती हवा, दोन्हीकडची बातमी एका नाकात. लपण गळत नव्हतं. पाइपातून जे नीट बाहेर पडत होतं तेच फिरून त्यांच्यापर्यंत पोचत होतं. जूनच्या नोंदीत १० च्या वरचा वारा आणि सावलीनंतरची हवा पाहिली, मधली उन्हातली मंद दुपार पाहिलीच नाही.

बदल : निरभ्र दिवशी वारा १० च्या खाली असेल तर उतारावर सावली पडेपर्यंत आत जायचं नाही, ओढ्यातच थांबायचं. ढगाळ दिवशी किंवा १० च्या वर वारा असेल तर आधी चालेल.

२५ ऑक्टोबर

बदललेल्या वेळेने बैठक. सावली पडल्यावर पंधरा मिनिटांनी प्रवेश, म्हातारी सलग पाच वेळा ओढ्याकडे. तीन माद्या आणि एक तरुण नर क्लोव्हरवर, सर्वात जवळचा ३५ मीटरवर, अंधार पडेपर्यंत चरत. नर लहान, सोडला. निघताना त्यांना उठवायचं नाही म्हणून पूर्ण अंधार होऊन ती हलेपर्यंत पंखा चालूच ठेवला.

१ नोव्हेंबर

क्र. २, सकाळ. हे लपण फक्त आग्नेयेचा वारा ८ च्या वर असेल तरच, कारण पहाटे ऊन येईपर्यंत थंड हवा अजून खालीच सरकत असते आणि चरून वर येणारी हरणं तेव्हाच खाली असतात. वाऱ्याने त्या सरकत्या हवेला मागे ढकललं तरच बसण्यात अर्थ. कापडी लपणात पंखा चालवून उपयोग नाही, कापड सगळीकडून गळतं. वायव्येची बाजू वगळून बाकी कडांवर पालापाचोळा आणि माती ओढून खालची फट बंद केली, मागची एक खिडकी अर्धी उघडी. काही राज्यांत कापडी लपणावर बाहेरून नारिंगी पट्टा लावणं सक्तीचं आहे, तो बिनवासाच्या साबणाने धुऊनच लावावा.

९ नोव्हेंबर

थंडी. उणे चार. गॅसचा हीटर आत नाही, दोन कारणांनी. जळण्याचा वास, आणि बंदिस्त जागेत कार्बन मोनॉक्साइड. तो वासाने कळत नाही आणि कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर दिसत नाही. बॅटरीचं गरम जाकीट आणि चेन वाजणार नाही असं लोकरी पांघरूण.

नवी अडचण : श्वासातली वाफ छतावर गोठते, दुपारी वितळून कोळशाच्या ट्रेवर ठिबकते. ट्रे उचलून पाहिला तर मधले दाणे ओले, एकमेकांना चिकटलेले. ट्रेवर १० सेंमी उंचीवर तिरपी ॲल्युमिनियमची पत्री बसवली, पाणी भिंतीकडे ओघळेल अशी. कोळसा बदलला. लघवीची रुंद तोंडाची बाटली आता दाराबाहेरच्या खोक्यात, आत सांडली तर चटईच्या कडेखाली जाते.

२२ नोव्हेंबर

हंगाम संपला. कोळसा काढून टाकला, तो पुढच्या वर्षी वापरायचा नाही. पंखा, बॅटरी घरी. पाइपाच्या बाहेरच्या तोंडाला स्टीलची जाळी, नाहीतर उंदीर घर करतात आणि मार्चपर्यंत त्यांच्याच मुताचा वास. फोमच्या पट्ट्यांना दाबून राहिल्याने खाच पडली आहे, खिडक्या उघड्या टांगून ठेवल्या. दाराखालची गळती अजून तशीच, मे महिन्यात उंबरठ्याला ब्रशची पट्टी. आणि जूनची वारापाहणी पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्येही करायची, दुपारी बारा ते चार, दर पंधरा मिनिटांनी, पाइपाच्या तोंडापासून.